गुरुवारचं गरम पाणी

दुबईत करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवं मराठी बिऱ्हाड आलं की पहिल्या आठवड्यातच त्यांच्या दारावर टकटक व्हायची. बेल असताना टकटक. दार उघडलं की समोर सबनीसकाका. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात टेस्टर, पायात घरातल्याच चपला. नमस्कार नाही, कुठले तुम्ही नाही. पहिला प्रश्न एकच, "गीझर चालू ठेवलाय की बंद?"

आमच्याकडे ते आले तेव्हा मी सामानाच्या खोक्यांमध्ये बसले होते, नवरा शैलेश ऑफिसला गेलेला, लहानगा आर्यन रडून रडून झोपलेला, आणि वर मे महिना. मी म्हटलं, "चालूच असेल, बघितलं नाही." काका चपला काढून सरळ आमच्या बाथरूममध्ये. बटण बंद केलं, बाहेर आले आणि मला शाळेतल्या मुलीसारखं समजावायला लागले. इथे पाण्याची टाकी गच्चीवर. उन्हाळ्यात त्या टाकीतलं पाणी आपोआप तापतं, गार पाण्याचा नळ सोडलात तर हात भाजेल. गीझर मात्र घरात, एसीच्या गारव्यात. तो बंद ठेवला की त्याच्यातलं पाणी निवतं. म्हणजे उन्हाळाभर गरम पाण्याच्या नळाला गार पाणी यायचं आणि गार पाण्याच्या नळाला गरम.

"तुम्ही बटण चालू ठेवून महिन्याला चाळीस दिरहम जाळताय," काका म्हणाले. "म्हणजे जवळजवळ हजार रुपये. तापलेलं पाणी तापवायला हजार रुपये."

मला हा माणूस अगदी आगाऊ वाटला. पुढे कितीतरी वर्षं समोरच्या दारात राहिलो, तरी मधूनमधून वाटायचाच. पण त्यांच्या शब्दावर महाराष्ट्रात किती घरांत गॅसचे गीझर लागले, आणि मग त्यांनीच हातापाया पडून ते एकेक कसे उतरवले, हे मी जवळून बघितलंय. सगळ्यात शेवटी उतरला तो त्यांच्या स्वतःच्या घरातला. आज लिहायला बसले ती त्याच्यामुळे.

काका एका काँट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर होते. मोठमोठ्या टॉवरचं प्लंबिंग आणि एसी, किती पाइप, किती वाल्व, किती मजूर, सगळ्याचा आकडा काढायचा आणि टेंडर भरायचं. जन्मभर तेच केल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना आधी रेट म्हणून दिसायची. आमच्याकडे पुरणपोळी खाल्ली तरी एका पोळीला घरी किती पडली आणि मीना बाजाराच्या मागच्या दुकानात किती पडते, हे चावता चावता सांगायचे. आधी दिरहम, मग रुपये. कुणी वाद घातला की दोन्ही हात वर करायचे, "मी नाही सांगत. हिशेब सांगतो." हे वाक्य आमच्या घरात इतकं मुरलं की आर्यन होमवर्क टाळताना तेच म्हणायचा.

चिकटपणा म्हणाल तर होता. स्वतःचं इंटरनेट काढून टाकलं होतं, व्हिडिओ कॉलला आमच्या डायनिंग टेबलाशी येऊन बसायचे. पण येताना दर वेळी काहीतरी घेऊन यायचे, कधी अर्धं कलिंगड, कधी आर्यनला पेन्सिली. आमचा एसी भर ऑगस्टमध्ये बंद पडला, तेव्हा ऑफिसातून सुट्टी काढून दिवसभर आमच्याकडे स्टुलावर उभे होते. संध्याकाळी हात धुताना म्हणाले, "मेकॅनिकने तीनशे घेतले असते." मी म्हटलं, "काका, तुमची एक दिवसाची रजा तीनशेपेक्षा महाग आहे." हात पुसत म्हणाले, "ती धरली नाही मी." त्या दिवसापासून मला ते आवडायला लागले.

त्यांची बायको सुधाकाकू. लग्नानंतरची बरीच वर्षं त्या इथेच, समोरच्याच फ्लॅटमध्ये राहिल्या. त्यांची मुलगी केतकी इथल्याच शाळेत शिकली. मग काकांच्या आईला पुण्यात सांभाळायला कुणी नाही म्हणून दोघी परत गेल्या. सासू गेली, केतकीचं कॉलेज संपलं, तिला तिथेच नोकरी लागली. काका मात्र इथेच. "अजून दोन वर्षं," असं ते म्हणायचे. इथे सगळेच म्हणतात. दर वर्षी दोनच वर्षं उरलेली असतात.

काकू दर मे महिन्यात यायच्या. बुटक्या, गोऱ्या, बोलायला मोकळ्याढाकळ्या. काकांच्या आकड्यांना त्या एकटीच हसायच्या. दर वर्षी आल्या दिवशी चुकीचा नळ सोडून हात भाजून घ्यायच्या आणि काकांची बोलणी खायच्या. शेवटी एका वर्षी त्यांनी कपाळावरची टिकली काढली आणि गरम पाण्याच्या नळावर चिकटवली. मला बोलावून दाखवली. "ही माझी खूण. टिकली दिसली की उन्हाळ्यात हा सोडायचा. तुमच्या काकांचं भाषण ऐकण्यापेक्षा हे बरं."

एका वर्षी त्या पुढे कोजागिरीपर्यंत राहिल्या. त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सगळी मंडळी जमली होती. दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनहून माने आला होता. कोल्हापूरकडचा धिप्पाड गडी, तिथल्या इंडस्ट्रियल एरियात त्याची फॅब्रिकेशनची शेड, आणि मराठी कार्यक्रम म्हटला की गाडी काढून हजर. विषय निघाला बिलांचा. गावाकडे आईवडिलांना विजेचा गीझर किती महाग पडतो, कुणाकडे किती बिल आलं. काकांना एवढंच पुरे होतं. ते घरी गेले आणि विजेची शेगडी, मीटर आणि विमानाच्या बॅगा तोलायचा वजनकाटा घेऊन आले.

मसाला दुधाचं एक पातेलं त्यांनी आमच्या गॅसवर ठेवलं, दुसरं तेवढंच विजेच्या शेगडीवर. आधी सिलिंडर वजनकाट्याला लटकवून माने आणि शैलेशनी उचलून धरला, काकांनी आकडा वाचला. दूध उकळलं, पुन्हा सिलिंडर उचलला, पुन्हा आकडा. मंडळी खो-खो हसत होती, मानेला दम लागला होता. मग काकांनी तोंडी हिशेब मांडला. भारतातला सिलिंडरचा भाव, विजेच्या युनिटचा भाव, चार माणसांच्या घरात रोजच्या बादल्या. गॅस सरळसरळ जिंकला. "गॅसचा गीझर वर्षभरात स्वतःचे पैसे परत करतो," ते म्हणाले. "मी नाही सांगत."

"हिशेब सांगतो," सगळे एका सुरात म्हणाले.

काकू दुधाचे पेले भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला नको बाई. माझ्या माहेरी आहे तो. आत जाळ दिसतो. मी खाली आंघोळीला आणि डोक्यावर जाळ. मला भीती वाटते."

काका म्हणाले, "आता भीतीला काय रेट लावायचा?"

आम्ही सगळे हसलो, काकूही हसल्या. दूध फार छान झालं होतं. त्यानंतर सुट्टीवर घरी गेलेला जो तो आईवडिलांकडे गॅसचा गीझर लावून आला. माझ्या नाशिकच्या माहेरी लागला, मानेच्या गावी लागला. कुणी अडलं की काका आमच्या टेबलाशी बसून तिथल्या प्लंबरला व्हिडिओवरून सूचना द्यायचे.

पुण्याच्या त्यांच्या फ्लॅटमधलं बाथरूम त्यांनी असंच टेबलाशी बसून नवीन करून घेतलं. सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. मी स्वयंपाकघरात असायची, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं आणि येता-जाता पडद्यावर दिसायचंही. बाथरूमला आधी काचेच्या पट्ट्यांची खिडकी होती. तिच्यातून धूळ यायची आणि कबुतरं घाण करायची. काकांनी ती काढून पक्की काच बसवायला सांगितली. हवेसाठी वर पंखा, आणि इथल्यासारखा दिव्याच्या बटणालाच जोडलेला, म्हणजे दिवा लावला की पंखा चालू.

"अहो, खिडकी उघडणारी असू द्या," काकू म्हणाल्या. "सकाळी उजेड असतो, दिवा कोण लावतंय?"

"दुबईत एका तरी बाथरूमला खिडकी आहे का? गुदमरलो का आपण?"

मग गीझरची जागा. काकूंचं म्हणणं, तो बाहेर ड्राय बाल्कनीत लावा, तो जाळ मला आत नको. काकांनी पाइपची लांबी काढली. गीझर बाहेर म्हणजे पाइप लांब, पाइप लांब म्हणजे वाटेत पाणी गार होणार, तेवढा गॅस रोज फुकट. प्लंबर म्हणाला, साहेब म्हणतील तसं. गीझर आत, भिंतीवर लागला.

मग काकांनी शेवटची गोष्ट सांगितली. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज घालवतात. "गुरुवारी लाइट गेले की तुझी तक्रार असते ना? हा बॅटरीवर पेटतो. लाइट असो नसो, गुरुवारी तुला गरम पाणी. आता आणखी काय पाहिजे?"

"बरं. तुमचं खरं," काकू म्हणाल्या.

गीझर लागल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मार्गशीर्षातला गुरुवार. एरवी काकूंची आंघोळ दोन तांब्यांची, पण त्या दिवशी महालक्ष्मीची पूजा मांडायची म्हणून डोक्यावरून न्हायला गेल्या. सकाळी वीज गेलेलीच होती. पंखा बंद, खिडकीला पक्की काच, थंडी म्हणून दार घट्ट लावलेलं, आणि गीझर उत्तम चालत होता. गॅस कोंडलेल्या जागेत जळायला लागला की त्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला नुसती गुंगी येते. केतकी बाहेर फोनवर ऑफिसचं बोलत होती. आईला वेळ का लागतोय म्हणून तिने हाक मारली, दार वाजवलं, मग शेजाऱ्यांना बोलावून दार तोडलं. तिने मला पुढे सांगितलं, पाणी तेव्हाही चालूच होतं, चांगलं कढत.

त्या दिवशी सबनीसकाकांनी आमच्या दाराची बेल वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा. मी दार उघडलं तर ऑफिसच्या कपड्यांत उभे, हातात डबा. म्हणाले, "मेघना, सुधा गेली. गीझर चालू होता म्हणे." मग डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा खाऊन टाका, वाया जाईल." शैलेशने तिकीट काढलं, बॅग भरली, त्यांना विमानतळावर सोडलं. 

मला त्यांचा राग आला होता. खोटं कशाला सांगू. मला काकू फार आवडायच्या. भाजी चिरताना एकसारखं डोळ्यांपुढे यायचं, ते टेबल, तो पडदा आणि 'गुदमरलो का आपण'. शैलेश म्हणायचा, अगं त्यांनी मुद्दाम केलं का? मुद्दाम नाही केलं, हे मलाही कळत होतं. राग तरी येतच होता.

तेरावं करून काका परत आले. दिवस सगळे त्यांनी भावाच्या घरी काढले. सिंहगड रस्त्याच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं नाही. केतकी त्याच फ्लॅटमध्ये राहत होती. काकांच्या भावाने तो गीझर काढायला माणूस पाठवला, तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. वडिलांना फोन करून सांगितलं, आणि तो फोन आमच्या टेबलाशी आल्यामुळे मीही ऐकला. "बाबा, तो कुणीही काढायचा नाही. यू पुट इट देअर. तुम्ही या आणि तुमच्या हाताने काढा. तोपर्यंत तो तिथेच राहील. मी दुसऱ्या बाथरूममध्ये पातेल्यात पाणी तापवून आंघोळ करते. आय अ‍ॅम फाइन."

काका म्हणाले, "बघतो."

ते गेले नाहीत. त्याऐवजी त्यांनी दुसरंच सुरू केलं. पुन्हा दारावर टकटक, आता दुबईभर, शारजाभर. ज्यांना ज्यांना त्यांनी गॅसचा गीझर लावायला सांगितला होता, त्या प्रत्येकाकडे जायचं आणि तो उतरवायला लावायचा. सगळी घरं त्यांना तोंडपाठ होती, कुणाच्या गावी कुठल्या भिंतीवर लावला इथपर्यंत. ज्यांना बंदच करायचा नव्हता, त्यांना निदान बाहेरच्या भिंतीवर हलवा म्हणायचे. नव्या विजेच्या गीझरचे पैसे मी देतो म्हणायचे. माझ्या माहेरचा सगळ्यात आधी उतरला, ते सांगायचीही गरज पडली नाही.

बाकीच्यांनी त्यांना फार जपून वागवलं, तेच त्यांना सोसायचं नाही. बसा काका, चहा घ्या काका, तुमच्यावर केवढा प्रसंग आला काका. गीझरचं काय? बघू ना, इन्शाल्ला. या देशात 'इन्शाल्ला' म्हटलं की शंभरातल्या नव्वद वेळा ते 'नाही' असतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. काका घरी येऊन माझ्यापुढे चिडायचे. "मी लाव म्हटलं तेव्हा कुणी इन्शाल्ला म्हटलं नाही. तेव्हा विमानातून उतरल्या उतरल्या लावले. आता काढ म्हणतोय तर इन्शाल्ला."

आर्यन आता मोठा झाला होता, तो म्हणाला, "अंकल, जस्ट सेंड देम अ व्हिडिओ." काका म्हणाले, "व्हिडिओवरूनच तर लावले बाळा."

हळूहळू उतरले. कुणी पटून उतरवले, कुणी काकांचा पिच्छा सुटावा म्हणून. पुढचा हिवाळा तोंडावर आला तेव्हा एकच राहिला होता, मानेचा. मानेने फोन उचलणं बंद केलं होतं. एका शनिवारी काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मला उम्म अल कुवैनला सोडशील? पेट्रोल माझं." काकूंच्या मागे त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं.

मानेच्या शेडमध्ये वेल्डिंगचा उग्र वास होता. त्याने आम्हाला केबिनमध्ये बसवलं, कडक चहा मागवला. बिचारा अवघडला होता. "काका, तुमचं दुःख काय आम्हाला कळत नाही व्हय? पण आमचं खेडं. मोकळी हवा. तुमच्या पुण्यासारखं खुराडं न्हाई. दोन वर्षं झाली, काय बी झालेलं न्हाई. आन् आता घरात तान्हं पोर, बायकोला सारखं गरम पाणी लागतं. आत्ता कुठं काढत बसू? बघू की मार्चमध्ये, इन्शाल्ला."

काका उठले. मला वाटलं, निघाले. टेबलाला वळसा घालून ते मानेसमोर आले आणि वाकले. साठी उलटलेला माणूस, त्याने त्या पोरसवदा मानेच्या बुटांवर डोकं टेकवलं. माने ताडकन उभा राहिला, "काका, काय हे, काका, मला पाप लावताय व्हय," म्हणत त्यांना उठवायला लागला. काका उठेनात. मला तिकडे बघवेना.

"घरी फोन लाव," काका खालूनच म्हणाले. "मला एकदा ते बाथरूम दाखव. मग तू म्हणशील तसं."

मानेने फोन लावला. त्याची बायको वैशाली बाळाला कडेवर घेऊन समोर आली. नवरा म्हणाला, सबनीसकाकांना बाथरूम बघायचंय, तशी ती फोन घेऊन आत गेली. भिंतीवर गीझर. खाली प्लॅस्टिकचा टब, त्यात बाळाचे कपडे. काका म्हणाले, "खिडकी दाखव." तिने फोन वळवला. खिडकी नव्हतीच. होती तिथे प्लायवुडची फळी ठोकलेली, कडेच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या.

"थंडी लई आहे ना," वैशाली म्हणाली. "आंघोळीला बाळाला वारं लागतं. म्हणून आबांनी परवाच बंद करून दिली."

 काकांनी त्याच्या हातातून फोन घेतला. काकूंबद्दल ते कुणाशी कधी बोलले नव्हते. माझ्याशीही नाही. वैशालीला त्यांनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात, टेंडर वाचतात तसं. खिडकी मी बंद केली. पंखा दिव्याला मी जोडला. गीझर आत मी लावला, बाहेर लावला असता तर पाइपला गॅस जास्त लागला असता. लाइट गेले. ती न्हायला गेली होती. ती मला आधीच म्हणाली होती की भीती वाटते, आणि मी सगळ्याचा रेट लावला, भीतीचा लावला नाही. "पोरी, आधी सिलिंडर बंद कर. मग ती फळी काढ. मी फोन धरून बसतो."

वैशालीने बाळ सासऱ्यांकडे, आबांकडे दिलं. फळी निघेना, तेव्हा तिने उलथनं घालून उचकटली. खिळे करकरत निघाल्याचं आम्हाला इकडे ऐकू आलं. बाहेरचा उजेड भसकन आत आला. माने खुर्चीत बसून तोंडावर रुमाल धरून रडत होता. त्याच संध्याकाळी गीझर उतरल्याचा फोटो त्याने पाठवला.

परतताना गाडीत मला खूप हलकं वाटत होतं. काकांना तसं काही वाटत नव्हतं, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी विचारलं, "काका, आता पुण्यातला?"

ते म्हणाले, "सगळ्यांचे काढले म्हणजे तो आपोआप माफ होईल असं वाटत होतं मला. तसं नसतं." मग म्हणाले, "तिथे आत जाऊन उभं राहायची मला भीती वाटते, मेघना. सुधाला वाटायची तशीच."

माझा राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. पण त्या ट्रॅफिकमध्ये तो नव्हता. मी म्हटलं, "केतकी रोज त्या दाराजवळून जाते, काका. एकटी."

त्यांनी ऑफिसात राजीनाम्याची नोटीस दिली. दोन वर्षं बाकी आहेत असं या वेळी म्हणाले नाहीत. फ्लॅट रिकामा करताना जवळजवळ सगळं वाटून टाकलं. वजनकाटा आम्हाला दिला. मी शेवटची नजर टाकायला त्यांच्या बाथरूममध्ये गेले तर नळावर काकूंची टिकली तशीच होती, कडा काळ्या पडलेली. काका मागून म्हणाले, "नवीन माणसाला सांग, काढू नको म्हणून. उन्हाळ्यात उपयोगी पडते."

विमानतळावर त्यांच्या हातातल्या बॅगेत पाना निघाला. जन्मभर विमानाने ये-जा केलेला माणूस, हातातल्या बॅगेत लोखंड चालत नाही हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? मी म्हटलं, "काका, पुण्यात मिळत नाही का पाना?" ते म्हणाले, "हाच पाहिजे." मग काउंटरसमोर खाली बसून त्यांनी मोठी बॅग उघडली, पाना कपड्यांत गुंडाळला आणि बॅग सरकत्या पट्ट्यावर जाऊन दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मागची माणसं कुरकुरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीचा व्हिडिओ कॉल आला. ती कुजबुजत होती. "ताई, ते आत गेलेत. आय कान्ट वॉच इट अलोन. तू थांब ना."

मी ऑफिसला निघाले होते, तशीच पर्स खांद्याला लावून बसले. ज्या टेबलाशी बसून ते बाथरूम घडलं त्याच टेबलाशी. पडद्यावर ते दिसलं. दाराला नवी कडी. खिडकीची काच काकांनी आधीच फोडून काढली होती, काचा वर्तमानपत्रात गोळा करून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. काका स्टुलावर उभे. एसी दुरुस्त करताना आमच्याकडे उभे होते, अगदी तसेच. पाना लावला, सुटला, पुन्हा लावला. केतकी एका हाताने स्टूल धरून होती, दुसऱ्या हातात मी.  पाइप सुटला तेव्हा आत साचलेलं थोडं पाणी काकांच्या शर्टावर सांडलं. गार असणार, ते दचकले.

मग त्यांनी गीझर खुंट्यांवरून उचलला, छातीशी धरला आणि स्टुलावरून उतरले. पांढरा पत्र्याचा डबा, फार जड नसतो तो. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला होता. काका तिथेच उभे राहिले, जिथे काकू पडल्या होत्या तिथे, डबा दोन्ही हातांनी कवटाळून.

"बाबा, ठेवा आता खाली," केतकी म्हणाली.

त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एवढंसं बाथरूम, इंच न् इंच त्यांनीच मापलेलं.

"कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

केतकीने दोन्ही हात मोकळे करायला फोन वॉशिंग मशीनवर ठेवला. मला नुसतं छत दिसायला लागलं आणि तो बंद पंखा. काका पुन्हा विचारत होते, "सांग ना बाळा, कुठे ठेवू हा?"